उघड्या कोपऱ्याची गोधडी

एक कोपरा शिवाचा राह्यला वाटते, अन् सुईबी तशीच टोचून ठेवली, दानाचं म्हटलं की असंच असते काम. ऐकलं न तुमी? त्या खांबाजवळच्या हिरव्या लुगड्यातल्या बाई, कापडवाल्याच्या नव्या सूनबाई, हळूच म्हनल्या आपल्या जावेले. मले कमी ऐकू येते म्हनतात सारे, कापसाच्या जिनाच्या भोंग्यानं ठकूबाईचे कान गेले म्हनतात, पन जे ऐकाचं नसते थे मले बराबर ऐकू येते.

नाही, राग कायचा. नवीन हायेत त्या, त्याइले कोनं सांगितलं असंन. अन् तुमीबी तं मघापासून त्या कोपऱ्याकडंच पाहून राह्यल्या. तुमच्या आईनं तुमाले कधी सांगितलं नाही? त्या कायच्या सांगतात. थ्या पाहा, समोर उभ्या हायेत, एकेकीच्या हातात गोधडी देऊन राह्यल्या, तोंडातून शब्द निघून राह्यला का? नुसती मान हालवतात. तुमी त्याइच्यावरच गेल्या बाई, नागपूरच्या इंग्रजी शाळेत गेल्या तरी बोलनं वाढलं नाही तुमचं. बसा इथं पायरीवर. लिहून घेता म्हनल्या, तं घ्या लिहून. पन मी आपली येड्या बाभळीसारखी, जिकडं फांदी फुटंन तिकडं जाईन, मले थांबवू नोका.

मी कामरगावची. माझा बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता, अन् माय कापूस येचाले जाये. मी लहान होती तवा गावात गाठीचा आजार आला, पलेग म्हनत त्याले. आधी घराघरात उंदीर मरून पडले, मंग मानसं. सारं गाव उठलं अन् वावरात जाऊन राह्यलं, तुराट्याच्या झोपड्या बांधल्या लोकाइनं, पाटील वेगळा अन् आमी वेगळे असे, पन हिवाळा साऱ्याइले एकच. अन् मंग सरकारी मानसं आले, त्याइनं म्हटलं अंथरून-पांघरून सारं बाहेर काढा, अन् गावाबाहेरच्या खारीत, मोकळ्या रानात, ढीग करून पेटवून देल्लं. त्यात माझ्या मायची गोधडी होती. काय सांगू तुमाले, त्या गोधडीत तिच्या लग्नाचं लुगडं होतं, माझ्या बापाचं फाटलं धोतर होतं, माझा एक भाऊ जगला नाही, त्याचं झबलं होतं मधात. कापड जळते तवा कसा वास येते, थो तुमाले ठाऊक नाही, अन् ठाऊक न व्हवो.

मंग हीव असं पडलं की सकाळी धुऱ्यावरचं गवत पांढरं दिसे. अन् एक दिवस कारंज्याहून बंडी आली, तुमच्या पंज्याची, आजोबाच्या बापाची, म्हंजे थोरल्या सेठाची बंडी, तिच्यात गोधड्या. जिनातली झाडलेली रुई अन् बाजारातलं कापड, कोन्या शिंप्याकडून शिवून घेतल्या होत्या. झोपडीपरमानं एक. आमाले भेटली थे निळी होती, नवीकोरी, कडक, खळीचा वास येनारी. माझा बाप म्हने देवमानूस आहे सेठ. मायनं गोधडी मांडीवर घेतली अन् चारही कोपरे बोटानं दाबून पाह्यले. एक, मंग दुसरा. मंग म्हने, उपाशी हाये वो हे.

आमच्या इकडं गोधडी शिवून झाली की शेवटचा कोपरा बुजवाच्या आधी तिले घास देतात. नखाएवढा भाकरीचा तुकडा, वरून चिमूटभर हळद, अन् मंग टाका घालाचा. गोधडीचं पोट भरलं तं तिच्याखाली झोपनाऱ्याचंबी भरते म्हनतात. उपाशी गोधडी अंगावर घेतली की झोप लागत नाही. आता हे खरं का खोटं मले इचारू नोका, तुमी शिकल्या-सवरल्या. माझ्या मायनं त्या नव्याकोऱ्या गोधडीचा कोपरा दातानं उसवला, आमच्या वाटनीच्या भाकरीतला एक तुकडा आत सरकवला, अन् शेजारनीची सुई मांगून शिवून टाकला. मंग म्हने, आता हे आपली. अन् आमी झोपलो. सेठाची होती तोवर थे नुसतं कापड होतं, थो तुकडा गेला अन् आमची झाली. हे मले तवा समजलं नाही, लय सालं लागले समजाले.

मंग माझं लग्न झालं अन् मी इथं कारंज्याले आली. घरधनी कापसाच्या गाठी दाबाच्या प्रेसात बोजे वाहे अन् मी जिनात कापूस निवडाले जाये. काय दिवस होते बाई ते. दिवाळी झाली की कापसाच्या बंड्याइची रांग लागे, बैलाच्या घंट्याइनं सकाळ व्हये, मूर्तिजापूरची ती लहानी गाडी धूर सोडत येऊन उभी राहे, तिच्यात गाठी भरत. डोक्यावर, भुवयाइवर, पापन्याइवर रुई, सांजीले घरी आली की सासू म्हने आली पाहा म्हातारी होऊन. आता थे भोंगे ऐकू आले नाही तं मलेच करमत नाही.

गोधड्याइचं काम पलेग गेला तरी थोरल्या सेठानं बंद केलं नाही, पन शिंपी महाग पडे म्हना का काय, तुमच्या आजीनं म्हटलं बायाच शिवतीन. पोळा झाला की जिन बंदच असे, आमाले काम नसे, तं आमी दुपारच्यानं ह्याच धरमशाळेत येऊन बसो. मजुरी नाही, कोनी मांगितलीबी नाही. गुळ-शेंगदाने भेटत, अन् गप्पा भेटत, त्याच्याच लालचीनं अर्ध्या बाया येत. रुई जिनाची. कापडवाल्याइच्या दुकानातून डाग पडलेलं, कडा फाटलेलं कापड. दोरा किरानेवाल्याचा. अन् आमचे चांदभाई शिंपी, ते आपल्या कातरनीतल्या साऱ्या चिंध्या पोत्यात भरून पाठवत, त्यात नवरीच्या चोळीचा लाल तुकडा असे अन् पोलीसाच्या पँटचा खाकीबी. एका गोधडीत असा खाकीचा मोठा तुकडा गेला, बक्कलीच्या बटनासकट, अन् ती गेली नेमकी दारू गाळनाऱ्या गन्याच्या बुढ्या बापाले. बुढा म्हने साऱ्या जिंदगीत पोलीसाले अंगावर येऊ देल्लं नाही, अन् आता रोज घेऊन झोपतो.

सेठाच्या घरच्या बायाबी येत अन् आमीबी. सतरंजी एकच. पान्याचे गडवे वेगळे होते, खोटं कायले सांगू, पन सुई एकच फिरे. अन् घास आमी घालो, प्रत्येक गोधडीले. शिदोरीतला तुकडा असे, कोनाले इचारलं नाही, कोनी अडवलं नाही.

त्यातच एका साली तुमची आई आल्या, नव्या नवरी. उमरावतीच्या इंग्रजी शाळेत शिकेल म्हनून गावभर आधीच बातमी. सतरंजीच्या टोकाले बसत, मान खाली, टाका असा बारीक की दिसू नये. राहीबाई नावाची बुढी होती आमच्यात, तोंडाची लय फटकळ, थे म्हने सूनबाई इंग्रजीत शिवते वाटते, मले तं एक अक्षर वाचता येत नाही. साऱ्या हासल्या. तुमची आई लाल झाल्या पन बोलल्या नाही. पुऱ्या दोन महिन्यात मले एकच इचारलं त्याइनं, तुम्ही कोपऱ्यात काय घालता? मी सांगितलं, माझ्या मायचं, पलेगचं, निळ्या गोधडीचं, सारं सांगितलं, जसं तुमाले सांगून राह्यली. त्याइनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याइच्या पदराच्या गाठीत पोळीचा तुकडा होता. आपल्या गोधडीले स्वतः घास घातला. राहीबाईनं पाह्यलं अन् त्या दिवसापासून टोमना बंद.

आता हा कोपरा उघडा राह्यला त्या सालाचं सांगते. तवा थोरले सेठ गेले होते अन् कारभार तुमच्या आजोबाच्या हाती आला होता. दान देनारे वाढले. तेलगिरनीवाले आले, लाकडाच्या वखारीवाले आले, साऱ्याइचं म्हननं पडलं की काम मोठं झालं तं नावबी झालं पायजे, अकोल्याहून मोठ्या साहेबाले बोलवा, मांडव टाका, त्याच्या हातानं वाटा. अन् देखरेखीले एक मास्तर ठेवले, शाळेतून पेन्शन घेतलेले, पगार घेत नसत. मानूस खरा होता, हे आधी लिहा. आमी शिवलेल्या साऱ्या गोधड्या त्याइनं जिनाच्या मांगच्या गोदामात थप्प्या लावून ठेवल्या अन् कुलूप लावलं. साहेब येतीन तवा उघडीन म्हने.

साहेब काही येत नव्हते. आधी कोर्टाचं काम निघालं, मंग मंगरूळपीरकडं दौरा निघाला, मंग त्याइच्या घोड्याचा का गाडीचा पाय मोडला म्हने, राहीबाई म्हने साहेबाचा मोडो पन घोड्याचा नोको. अन् हीव तं कोनाच्या दौऱ्यासाठी थांबत नाही. दिवाळी होऊन गेली, जिन चालू झालं, बाहेरगावचे मजूर येऊन जिनाच्या अंगनात पालं टाकून बसले. त्याइच्यात चंद्री होती, मेडशीकडची, लहानी पोट्टीच होती थे, माझ्या बाजूले बसून कापूस निवडे, मले मावशी म्हने. तिले दिवस भरत आले होते तरी कामाले आली, नवरा म्हने दोन हात जास्त. अन् पालातच बाळंत झाली. पोरगा. मी सकाळी पाहाले गेली तं लेकराचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे. पोत्यात गुंडाळलं होतं.

मी तशीच मास्तराकडं गेली. म्हटलं मास्तर, एक द्या, मी शिवलेलीच द्या. ते म्हने ठकूबाई, एक देल्ली तं उद्या सारे पाल दारात उभे राहतीन, मंग साहेबाच्या हातात काय देऊ. मंग ते उठले, गळ्यातला आपला लोकरीचा गळपट्टा काढला अन् मले देल्ला, म्हने लेकराले गुंडाळ, कोनाले सांगू नोको. म्हनून म्हनते मानूस खरा होता. पन गळपट्ट्यात लेकरू मावंन, बाळंतीन कुठून मावंन.

त्याच्या मांगून दोन-चार दिवसातच साहेब खरंच येनार म्हनून कागद आला, अन् गोधड्या झटकून ठेवा म्हनून मास्तरानं गोदाम उघडलं. आमी बाया मांगं उभ्या. पह्यली थप्पी हालवली अन् काय सांगू तुमाले, उंदीर. जित्ते, चांगले गुबगुबीत, पायावरून पळाले. आमी प्रत्येक गोधडीले घास देल्ला होता न. माझी माय एक गोधडी करे अन् त्याच दिवशी आमी अंगावर घेतो, मानसाच्या अंगाखाली उंदीर कुठून येते. ह्या तं गोदामात महिना महिना पडून. आमी त्याइच्यासाठी पंगतच मांडली होती. कापडवाले सेठ आले धावत, म्हने बायाइनं आमच्या कापडात उंदराचं लगन लावलं का? राहीबाई म्हने लगन कवाचं झालं सेठ, आत जाऊन पाहा, बारसं हाये.

कोनी हासलं नाही. काहून तं मास्तराकडं पाह्यलं साऱ्याइनं. ते दाराले धरून उभे होते. त्याइची बायको अन् दोन्ही लेकरं पलेगनं नेले होते, एका आठवड्यात, हे गावाले ठाऊक होतं. उंदीर पाह्यला की त्याइले मानसं दिसत. ते म्हने जाळा. साऱ्या बाहेर काढा अन् जाळा. हमालाइनं गोधड्या ओढून अंगनात उन्हात टाकल्या, अन् रॉकेलचा डबा आनाले मानूस गेला, अन् माझ्या नाकात वास आला, अजून पेटलंबी नव्हतं तरी वास आला.

तवा सेठानं, म्हंजे तुमच्या आजोबानं, म्हटलं थांबा, आधी बसू. अंगनाले लागूनच सेठाचं घर, त्याच्या ओसरीत गादीवर सारे दान देनारे बसले, आमी बाया पायरीखाली, अन् घरातल्या बाया दाराच्या आत. मास्तर म्हने ह्या जाळा, अन् इथून पुढं गोधडीत अन्नाचा कन जाता कामा नये, मी प्रत्येक कोपरा दाबून पाहीन. आमी म्हटलं उपाशी गोधडी आमी शिवत नाही, ते पाप आमी कायले घेऊ. मास्तर म्हने मंग शिवू नोका. राहीबाई म्हने मंग तुमीच बसा सुई घेऊन, तुमाले वेळ हाये. अशी गोष्ट तिथंच अडली. सेठाले मास्तराले दुखवता येईना, आमालेबी येईना. अन् तेलगिरनीवाले जांभई देऊन म्हने, मंग या साली राहूच द्या, पुढच्या साली पाहू. बाकीच्याइनं मान हालवली. असंच मरते बाई काम. भांडनानं नाही मरत, पुढच्या सालानं मरते. अन् मले तं पुढचं साल दिसत नव्हतं, मले पाल दिसत होतं, पोतं दिसत होतं.

तवा तुमची आई बोलल्या.

काय बोलल्या थे सांगते, पन आधी हे लिहून घ्या, नाहीतं मंग मी इसरून जाईन. त्या दिवशी ऊन होतं तोवर साऱ्या गोधड्या झटकून, उलट्या-सुलट्या वाळवून वाटल्या, ना मांडव ना साहेब. मास्तर स्वतः पालापालात फिरले, डोळ्याले चष्मा लावून बायाइले सुईत दोरा ओवून देत होते. चंद्रीनं आपल्या भाकरीतला तुकडा मोडला, लेकराच्या ओठाले लावला, मंग आत घातला अन् टाका मारला. मले म्हने मावशी, झाली का आता माझी? थो पोरगा आता त्याच प्रेसात बोजा उचलते, थो काय तिकडं, फाटकाजवळ बैल धरून उभा हाये, आईसाठी नवीन न्याले आला. साहेब आठ दिवसाइनं आले, वाटाले काही नव्हतं, चहा पेले, एक गोधडी त्याइलेच देल्ली. मास्तर गेले तवा त्याइच्या अंगावर आपलीच गोधडी होती, अन् कोपरा त्याइनं स्वतःच्या हातानं शिवला होता, वाकडा-तिकडा.

आता चांदभाई नाही, राहीबाई नाही. थो हासी-मजाकबी नाही. कापड कंट्रोलात गेलं होतं, कार्डावर मोजून भेटे, तवा चिंध्याबी भेटत नव्हत्या, तरी एक हिवाळा खाली गेला नाही. माझ्या डोळ्याले आता टाका दिसत नाही, मी इथं पायरीवर बसून बायाइले सुया मोजून, अहो मोजून कायच्या, मुठीनं देते. तुमी एवढा वेळ बसल्या, ऐकलं, सुखी राहा बाई, भरल्या पोटानं झोपा, तुमचं पांघरून कधी उपाशी न राहो. अन् त्या हिरव्या लुगड्यातल्या सूनबाईले तुमीच जाऊन सांगा, मी सांगितलं तं टोमना वाटंन.

हो, आईचं राह्यलंच. सासऱ्यासमोर त्या कधी उभ्याबी राह्यल्या नव्हत्या. दाराच्या आतून निघाल्या, पायरी उतरल्या, अंगनातून एक गोधडी उचलून आनली. पदर डोक्यावर, नजर खाली. उंदरानं गोधडी खाल्ली नव्हती, नुसता घासाचा कोपराच खाल्ला होता, प्रत्येक गोधडीचा तेवढाच. थो उघडा कोपरा त्याइनं सेठापुढं धरला. आवाज एवढा बारीक की तेलगिरनीवाल्याइनं पानाचा डबा बंद करून कान देल्ला. अन् त्या म्हनल्या, मामाजी, हा असाच उघडा राहू द्या. घास आपण घालायचा नाही, ज्याची गोधडी त्यानं घालायचा, म्हणजे ती त्याची होईल. आपण सुई द्यायची, आणि आजच द्यायची.